एक गोठा, चार वयोगट आणि एकच पांढरं औषध

हे प्रकरण सविस्तर लिहितेय कारण हाच फोन मला वर्षातून कितीतरी वेळा येतो, गोठा वेगळा, माणूस वेगळा पण वाक्य तेच, "मॅडम, तीनदा जंताचं पाजलं तरी फरक नाही, आता याच्यापेक्षा स्ट्राँग काय आहे ते सांगा." या वेळी फोनसोबत एक मेलेलं वासरूही होतं, ३६ दिवसांचं, पहाटे गेलेलं. मालकांनी ते पुरायच्या आधी मला कळवलं याबद्दल मी त्यांची खरंच आभारी आहे, कारण अर्धं प्रकरण त्या वासरानेच उलगडलं.

मालकांना आपण दादाच म्हणू. पाऊस सुरू होऊन दीडेक महिना झालेला. गोठ्यात त्या दिवशी ४१ जनावरं होती, म्हणजे दुधावरची ८ वासरं, दोन ते सहा महिन्यांची ९, सात ते अठरा महिन्यांच्या १० कालवडी आणि १४ गायी, त्यातल्या ३ आटवलेल्या, म्हणजे दूध बंद केलेल्या. तक्रारी एकात एक मिसळलेल्या होत्या. लहान वासरांना पिवळी पाण्यासारखी हगवण, त्यात एक ११ दिवसांचं आधीच गेलेलं. मधल्या वयाच्या दोघांना त्याच दिवशी सकाळपासून शेणात रक्त. कालवडी खातात पण अंगाला लागत नाही, केस राठ, एकीच्या जबड्याखाली पाणी साठून पिशवी झालेली. आणि गायी थोड्या दुधाला कमी. दादांच्या मते या सगळ्याचं कारण एकच, जंत.

औषध कोणतं दिलं ते विचारलं तर त्यांनी डबाच आणून दाखवला. फेनबेंडाझोल, २.५ टक्क्यांचं, तेच पांढरं घट्टसर औषध. औषध चांगलं आहे, मी स्वतः देते. पण द्यायची पद्धत अशी की तारीख ठरवायची, त्या दिवशी गोठ्यातल्या सगळ्यांना पाजायचं, वासराला अर्धा कप, कालवडीला एक, गायीला दोन, आणि कप ३० मिलीचा. शेवटचा राउंड मी जायच्या ५० दिवस आधी झालेला.

आता हा हिशोब बघा. मेलेलं वासरू ३६ दिवसांचं, शेवटचा डोस ५० दिवसांपूर्वीचा, म्हणजे "सगळ्यांना पाजलं" म्हणताना हे वासरू जन्मलेलंच नव्हतं. दादा हे ऐकून गप्प झाले, कारण त्यांच्या डोक्यात "तीनदा पाजलंय" हे पक्कं होतं आणि ते खोटंही नव्हतं, फक्त गोठ्याला पाजलेलं होतं, या वासराला नाही.

मी नेहमी नमुने वयाप्रमाणे वेगळे घेते. याआधी दादांनी एकदा शेण तपासून आणलं होतं पण ते गोठ्यात पडलेलं, चार ठिकाणचं एकत्र करून एका डब्यात. त्यात "गोलकृमींची अंडी, थोडी" एवढंच आलं. अशा खिचडीतून दुसरं काय येणार. गायी शेण टाकतात ढीगभर आणि त्यात अंडी जवळपास नसतात, वासरू टाकतं चमचाभर आणि त्यात अंडीच अंडी, एकत्र केलं की वासराचा आजार गायीच्या शेणात विरून जातो. म्हणून ग्लोव्ह घालून थेट गुदद्वारातून शेण, प्रत्येक डबीवर जनावराचा नंबर आणि वय, लहानांचं वय दिवसात लिहिलेलं.

सुरुवात मेलेल्या वासरापासून

पोट डेऱ्यासारखं आणि पाठीचा कणा वरून मोजता येईल असा. छोटं आतडं कात्रीने उघडलं तर आत सुतळीपेक्षा जाड, गुलाबीसर पांढरे, वीतभर लांब जंत, एका ठिकाणी तर त्यांचं गाठोडं होऊन आतडं तट्ट फुगलेलं. बाहेर काढून मोजले, ६३ भरले. आंबूस, खवट लोण्यासारखा वास येत होता आणि वासरं सांभाळणारा मुलगा म्हणाला, "हाच वास त्याच्या तोंडाला आठ दिवस येत होता, मला वाटलं दूध पचत नाहीये." त्या मुलाचं निरीक्षण एकदम बरोबर होतं, फक्त त्याला कोणी सांगितलं नव्हतं की हा वास आला की कळवायचं.

हा टॉक्सोकारा विट्युलोरम. म्हशीच्या रेडकांत याचा बोलबाला जास्त, पण उष्ण दमट हवेच्या भागात गायीच्या वासरांतही चांगलाच सापडतो. याची गंमत म्हणा किंवा चलाखी म्हणा, तो वासराला मातीतून लागत नाही, आईच्या दुधातून येतो. गायीने कधीतरी चाऱ्यासोबत अंडी गिळलेली असतात, त्यातून निघालेल्या अळ्या तिच्या अंगात, स्नायूंमध्ये वगैरे झोपून राहतात, वीण जवळ आली की जाग्या होऊन कासेकडे सरकतात आणि चिकातून, दुधातून वासराच्या पोटात उतरतात. तिथे साधारण तीन-चार आठवड्यात मोठ्या होऊन अंडी घालायला लागतात, वासरू चार ते सहा महिन्यांचं होईपर्यंत जंत बहुतेक आपोआप पडून जातात आणि तोवर गोठ्याची जमीन पुन्हा अंड्यांनी भरलेली असते. मादी ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, अंडी बेसुमार घालते आणि त्या अंड्यांचं जाड खडबडीत कवच महिनोनमहिने टिकतं.

दादांचा प्रश्न रास्त होता, "मग आईच्या शेणात का नाही दिसलं?" कारण आईच्या आतड्यात जंत नसतातच. तिच्या शेणात शोधून अंडं मिळणार नाही, आणि तिला पाजलेलं औषध झोपलेल्या अळ्यांपर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे "गायीला गाभण असताना पाजलं होतं" याने वासरू वाचत नाही. वासरालाच द्यावं लागतं आणि तेही दिवस मोजून. १० ते १६ दिवसांच्या खिडकीत पायरँटेलसारखं कोवळ्या जंतांवरही चालणारं औषध दिलं की बहुतेक जंत अंडी घालायच्या आधीच संपतात, वासरूही वाचतं आणि जमीनही. मी स्वतः १२ वा दिवस धरते, लक्षात ठेवायला सोपा पडतो.

दुधावरच्या ८ पैकी चार वासरं चार ते आठ आठवड्यांची होती, त्यातल्या तिघांच्या स्लाइडवर हीच गोल, जाड कवचाची, खडबडीत कडेची अंडी. एकाचं पोट फारच भरलेलं होतं म्हणून त्याला औषध देऊन दोन दिवस नजरेखाली ठेवायला सांगितलं, कारण जंत एकदम सुन्न होऊन गोळा झाले तर आतडं अडकू शकतं. सुदैवाने तसं काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी शेणातून जंतांचे पुंजके पडले आणि त्याचा फोटो मला सकाळी साडेसहाला आला.

पण पिवळ्या हगवणीवाल्यांचं काय

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. बाकीची चार वासरं तीन आठवड्यांच्या आतली, त्यातली तीन आजारी, वयं ७, ९ आणि १२ दिवस. या वयात टॉक्सोकाराची अंडी शेणात येऊच शकत नाहीत कारण जंताला मोठं व्हायलाच तेवढे दिवस लागतात, एक स्ट्राँगिलॉइड्स नावाचा बारीक जंत सोडला तर आठ-दहा दिवसांच्या वासरात अंडं घालणारा दुसरा जंत मिळणार नाही. तरी ९ दिवसांच्या वासराला हगवण लागली की पहिला हात जंताच्या बाटलीकडे जातो.

साध्या स्लाइडवर काहीच नव्हतं. मग शेणाचा पातळ थर काढून झील-नीलसन रंग, तोच टीबीसाठी वापरतात त्याचा थोडा बदललेला प्रकार, आणि तिघांच्याही स्लाइडवर हिरव्या पार्श्वभूमीवर लाल-गुलाबी ठिपके, ४ ते ६ मायक्रॉनचे, म्हणजे साधारण लाल रक्तपेशीएवढे. क्रिप्टोस्पोरिडियम. हा जंत नाहीच, एकपेशीय जीव आहे, आणि याच्यावर फेनबेंडाझोल कितीही पाजा, शून्य उपयोग. आयव्हरमेक्टिनचाही नाही. दादांनी मध्येच विचारलं होतं की ते इंजेक्शन मारू का, फार नाव ऐकलंय, आणि नाव आहेच, १९८१ मध्ये जनावरांसाठी बाजारात आलं, त्याच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं, गोलकृमींवर आणि बाहेरच्या किडींवर जबरदस्त औषध, पण एकपेशीय जीव, पट्टकृमी आणि चपटे कृमी यांना ते काहीही करत नाही. शिवाय दूध विकायचं असेल त्या दुभत्या गायीला ते इंजेक्शन द्यायचं नसतं, औषध दुधात उतरतं.

क्रिप्टोत मुख्य उपचार म्हणजे पाणी आणि क्षार. ३५ किलोचं वासरू ८ टक्के सुकलं असेल तर नुसती तूट भरायलाच २.८ लिटर लागतं, चालू हगवणीतून जातंय ते वेगळं. आणि दूध बंद करायचं नाही, हे मला तीन वेळा सांगावं लागलं, कारण "हगवण आहे तर दूध कशाला" हे फार मुरलेलं आहे. दूध थोडं थोडं चालू, मधल्या वेळात क्षारांचं पाणी. दोन वासरं उठून पीत होती, हगवण आदल्या दिवशीच लागलेली, त्यांना हॅलोफ्युजिनोन सुरू केलं, दूध पाजून झाल्यावर, किलोला ०.१ मिलीग्रॅम, दिवसातून एकदा, सात दिवस. हे औषध मोजूनमापूनच द्यायचं, डबल डोस झाला तरी विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात, आणि सुकलेल्या, लुळ्या पडलेल्या वासराला तर द्यायचंच नाही. तिसरं वासरू तसंच लुळं होतं, चोखण्याची ओढच नव्हती. त्याला शिरेतून सलाइन लावलं, रात्री मान उचलली होती, पण दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. ते आदल्या दिवशी सकाळी बघायला मिळालं असतं तर, असं मनात राहतंच.

अजून एक गोष्ट, वासरं सांभाळणाऱ्या मुलालाही त्याच आठवड्यात जुलाब होत होते. त्याला याचमुळे झाले असं मी म्हणू शकत नाही, तपासणी झाली नव्हती, पण क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम माणसाला लागतो आणि आजारी वासरू त्याचा मोठा स्रोत आहे. त्याला डॉक्टरांकडे जायला सांगितलं आणि तिथे "वासरांत काम करतो" हे आवर्जून सांगायला सांगितलं. हात साबणाने घासून धुवायचे, सॅनिटायझर यावर चालत नाही. लहान मुलांना त्या खोलीत सोडायचं नाही.

रक्ताची हगवण आणि माझी चूक

दोन ते सहा महिन्यांची ९ वासरं एका खोलीत होती, खाली ओला भुसा, पाण्याचं भांडं जमिनीलगत आणि त्यात शेणाचे शिंतोडे. दोघं शेपटी वर करून कुंथत होती, बाहेर येत होती नुसती आव आणि ताजं रक्त, मागचे पाय आणि शेपटी रक्ताने माखलेली. बघताक्षणी कोणीही कॉक्सिडिया म्हणेल, म्हणजे आतड्यातला आणखी एक एकपेशीय जीव, आणि मीही म्हटलं.

पण संध्याकाळी स्लाइड लावली तर अख्ख्या स्लाइडवर दोन-चार ऊसिस्ट, म्हणजे शेणातून बाहेर पडणारी त्याची अंड्यासारखी कवचं. कागदावर मी चक्क "कॉक्सिडिया नगण्य" लिहिलं आणि दादांना फोनवर सांगितलं की तसं काही दिसत नाहीये, आतड्याला सूज देणारं दुसरं काही असेल, आपण बघू. ही माझी चूक. मला माहीत होतं की आयमेरिया झुर्नी या कॉक्सिडियाच्या जातीमध्ये हगवण आधी आणि ऊसिस्ट नंतर असं होऊ शकतं, कारण मोठ्या आतड्याच्या पेशी फुटतात तेव्हाच रक्त सुरू होतं आणि ऊसिस्ट तयार होऊन बाहेर पडायला अजून एक-दोन दिवस जातात. माहीत असून त्या संध्याकाळी ते डोक्यात आलं नाही.

रात्री नोंदी परत वाचताना एक ओळ दिसली, या दोघांचं दूध तोडून त्यांना या खोलीत आणलं होतं १९ दिवसांपूर्वी. आयमेरिया झुर्नी आणि आयमेरिया बोव्हिस, हे दोन्ही तोंडातून पोटात गेल्यापासून शेणात दिसेपर्यंत साधारण १६ ते २१ दिवस घेतात. म्हणजे खोलीत पाऊल टाकलं त्या दिवसात लागण आणि आज रक्त, हिशोब चोख बसत होता. सकाळी फोन करून चूक सांगितली, ताजे नमुने मागवले. पहिल्या दिवशीही थोडेसेच, दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात मात्र सूक्ष्मदर्शकात एका नजरेत मोजता येणार नाहीत इतके, बहुतेक छोटे गोल, मध्ये मध्ये मोठे अंडाकृती. दोन दिवस वाया गेले होते आणि ते रक्त पडणाऱ्या दोघांपेक्षा त्यांच्या सोबतच्या सात जणांसाठी महत्त्वाचे होते. कारण रक्त दिसायला लागतं तोवर आतड्याचं नुकसान होऊन गेलेलं असतं, औषधाचा खरा फायदा ज्यांना लागण झालीय पण अजून रक्त आलेलं नाही त्यांना.

टोल्ट्राझुरिल, किलोला १५ मिलीग्रॅम, एकदाच, नऊच्या नऊ वासरांना, वजनपट्टीने वजन काढून. रक्तवाल्या दोघांना क्षारांचं पाणी, कोरडी वेगळी जागा. तिसऱ्याला चौथ्या दिवशी थोडं रक्त पडलं, बाकी सहा जणांना काही झालं नाही. आधीच्या दोघांपैकी एक आठवड्यात सावरलं, दुसरं अजूनही बरोबरीच्यांच्या मागे आहे आणि ते अंतर लवकर भरून निघेल असं मला वाटत नाही.

याची उलटी चूकही सांगून ठेवते. धडधाकट वासराच्या शेणातही ऊसिस्ट सापडतात, गायींमध्ये आयमेरियाच्या डझनभर जाती आहेत आणि रक्ताची हगवण करणाऱ्या मुख्यतः या दोनच. त्यामुळे रिपोर्टवर "कॉक्सिडिया पॉझिटिव्ह" दिसलं म्हणून लगेच औषध, असं नको. वय, जागा बदललेली तारीख, शेण कसं आहे आणि जात कोणती, हे सगळं एकत्र बघायचं.

स्वच्छतेतही कॉक्सिडिया आणि क्रिप्टो या दोघांत फरक आहे आणि तो कामाचा आहे. कॉक्सिडियाचा ऊसिस्ट बाहेर पडल्यावर लगेच धोकादायक नसतो, त्याला ओलाव्यात दोन-तीन दिवस ते आठवडा लागतो पिकायला, म्हणून रोज शेण उचललं, भुसा कोरडा ठेवला, पाण्याचं भांडं उंच केलं की साखळी बऱ्यापैकी तुटते. क्रिप्टोचा मात्र बाहेर पडतो तोच तयार असतो, तिथे आजारी वासरू लगेच वेगळं करणं, निरोग्यांना आधी आणि आजाऱ्यांना शेवटी दूध पाजणं, आणि खोली रिकामी करून उकळतं पाणी किंवा वाफ मारून कडक वाळवणं हेच उपाय. नेहमीचं फिनाईल दोघांनाही फारसं लागत नाही. दादा दर दोन दिवसांनी फिनाईल टाकून जमीन ओली ठेवत होते, हेतू चांगला होता पण ओलावा मात्र वाढत होता.

कालवडी

खरा जंताचा प्रश्न इथे होता. दहाही कालवडी मागच्या कुंपणाच्या कुरणात दिवसभर चरायच्या, तेच कुरण गेली तीन वर्षं. मॅकमास्टरने, म्हणजे आखलेली दोन घरं असलेल्या काचपट्टीने, शेणातल्या अंड्यांची मोजणी केली, ३ ग्रॅम शेण ४२ मिली पाण्यात, गाळून, बसवून, मग मिठाच्या दाट द्रावणात, दोन्ही घरांतली अंडी मोजून गुणिले ५०. सगळ्यात कमी १५० आणि सगळ्यात जास्त १,४५०, दहा जणींची सरासरी ग्रॅमला ६२०. जबड्याखाली पाणी साठलेली कालवड १,४५० वाली, तिच्या डोळ्याची आतली कड पांढरीफटक. शेण भिजवून अळ्या वाढवून बघितल्या तर हिमॉंकस, कूपेरिया आणि इसोफॅगोस्टोमम असा मिश्र कारभार. पहिला आतड्यात नसतो, चौथ्या पोटात बसून रक्त पितो, पण गवतातून येतात सगळे एकत्रच आणि अंडी बघून ते वेगळे ओळखता येत नाहीत.

दादांचं म्हणणं की औषध लागू पडत नाही, म्हणजे जंतांना सवय झाली. शक्य होतं, पण आधी डोस बघू म्हटलं. पट्टीने मोजलं तर मधली कालवड २४० किलो. किलोला ५ मिलीग्रॅम धरले तर १,२०० मिलीग्रॅम हवेत, म्हणजे २.५ टक्क्यांचं औषध ४८ मिली. ती घेत होती ३० मिली, म्हणजे १५० किलोच्या जनावराचा डोस. कमी डोस म्हणजे कमकुवत जंत मरतात आणि औषध सोसणारे मागे राहून पिल्लावळ वाढवतात, हे वर्षानुवर्षं केलं की दादा म्हणत होते ते खरं होऊन बसतं.

म्हणून तेच औषध, पूर्ण डोस, प्रत्येकीच्या वजनाप्रमाणे, आणि १४ दिवसांनी त्याच दहा जणींची पुन्हा मोजणी. सरासरी ६२० वरून २० वर आली, म्हणजे जवळपास ९७ टक्के घट. ९५ च्या खाली आली असती तर औषध बदलायचा विचार केला असता. मला यात फार बरं वाटलं, कारण स्वस्त, सुरक्षित, गाभण जनावराला चालणारं औषध अजून हातात होतं.

पण मग तीनदा पाजूनही उपयोग का नाही, तर डोस कमी हे एक आणि कुरण हे दुसरं. उबदार ओल्या हवेत अंड्यातून लागण करणारी अळी व्हायला आठवडा-दोन आठवडे पुरतात, ती गिळली की तीन आठवड्यात परत अंडी सुरू. औषध पाजून त्याच कुरणात सोडलं की पाच आठवड्यात गाडी पुन्हा तिथेच. अळ्या गवताच्या बुडाशी जास्त असतात, अगदी खरवडून चरायला लागलेल्या कालवडी त्याच सगळ्यात जास्त गिळतात. इलाज म्हणून कुरणाचे तीन भाग केले, गवत चार बोटं राहिलं की पुढच्या भागात, आणि रिकाम्या भागात काही दिवस गायी सोडायच्या कारण त्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, त्या अळ्या गिळतात पण अंडी फार टाकत नाहीत. पुढच्या वेळी सगळ्या दहा जणींना पाजायचं नाही, मोजणी जास्त आणि अंग धरत नसलेल्यांनाच. काही जंत औषध न बघितलेले राहू द्यायचे म्हणजे सोसणाऱ्यांचंच राज्य होत नाही, हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

दोन कालवडींच्या शेणात पट्टकृमीचे पांढरे तुकडेही होते, दादा त्याला सगळ्यात जास्त घाबरलेले कारण तेवढंच डोळ्यांना दिसतं. मोनिझिया. या सगळ्या यादीत त्रास सगळ्यात कमी देणारा तोच, मी त्यासाठी वेगळं काही दिलं नाही.

गायी

१४ पैकी ९ गायींत अंडी शून्य, बाकीच्यांत ५० किंवा १००. मोठ्या गायीत हा आकडा कमी असणं अपेक्षितच आहे, ती दोन-तीन हंगाम चरून तयार झालेली असते. तिला दर तीन महिन्यांनी पाजायची गरज नव्हती आणि दूध कमी होण्याचं कारण मला आंबोण आणि उन्हाळा-पावसाळ्याच्या मधल्या चाऱ्याच्या बदलात जास्त वाटलं, ते वेगळं बघायचं ठरलं.

पण मिठाच्या पाण्यात जड अंडी तरंगत नाहीत, त्यामुळे चपट्या कृमींसाठी शेण पाण्यात ढवळून तळाशी बसलेला गाळ बघावाच लागतो. तो बघितला तर तीन आटवलेल्या गायी आणि चार मोठ्या कालवडींत मोठी, पारदर्शक, एका टोकाला झाकण असलेली अंडी मिळाली. यकृताच्या कृमीचं अंडं पित्तामुळे सोनेरी पिवळं दिसतं, हे रंगहीन, म्हणजे पॅराम्फिस्टोमम, पोटातला चपटा कृमी. मोठा झाला की तो पहिल्या पोटात बसतो आणि फार त्रास देत नाही, त्याची कोवळी पिल्लं छोट्या आतड्याच्या सुरुवातीला चिकटतात तेव्हा वास मारणारी पातळ हगवण लागते आणि त्या टप्प्यात शेणात अंडी नसतात. ही सातही जनावरं कुरणाच्या खालच्या टोकाला जाणारी, तिथे पाणी साचतं आणि चिखलात गोगलगायी आहेत, मी हाताने उचलून दाखवल्या. सातही जणींना ऑक्सिक्लोझानाइड दिलं, दुभत्यांना गरज नव्हती. खालचं टोक कुंपणाने तोडा म्हणून सांगितलं.

दोन महिन्यांनी

भिंतीवरचं "जंताची तारीख" असलेलं कॅलेंडर निघालं. आता प्रत्येक वासराचं वेगळं कार्ड आहे, जन्मतारीख, चीक किती वाजता आणि किती लिटर पाजला (पहिल्या सहा तासांत तीन-चार लिटर हे ठरलेलं), १२ व्या दिवशी टॉक्सोकाराचं औषध, चौथ्या आठवड्यात शेणाचा नमुना, खोली बदलली ती तारीख आणि तिथून पुढे १५ व्या दिवशी लाल शाईने खूण, त्या दिवसापासून आठवडाभर शेणावर नजर. कार्ड तो वासरं सांभाळणारा मुलगाच भरतो, त्याला वासही माहीत आहे आणि आता त्याचं नावही.

पाणी साठलेली कालवड सावरली, तिची मोजणी आता १५०. पिवळ्या हगवणीतून वाचलेली दोन्ही वासरं ठीक आहेत. या काळात एका वासराला ८ व्या दिवशी हगवण लागलीच, क्रिप्टो गेलेला नाही, पण पहिल्याच दिवशी कळवलं आणि क्षारांच्या पाण्यावर निभावलं. खालच्या टोकाचं कुंपण मात्र अजून झालेलं नाही, पाऊस थांबल्यावर करतो म्हणाले, तोवर आटवलेल्या गायी तिकडेच जातायत आणि मला ते खटकतंय.

नव्याने जन्मलेल्या तीन वासरांपैकी शेवटच्याचा २८ व्या दिवसाचा नमुना परवा घेऊन दादा स्वतः आले. दोन स्लाइड लावल्या, दोन्ही रिकाम्या. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "हे काय मग, गोल आहे की." हवेचा बुडबुडा होता. जपून ठेवलेली जुनी स्लाइड, त्या ६३ जंतवाल्या वासराची, शेजारी लावून दाखवली, बुडबुड्याची कड काळी आणि गुळगुळीत, अंड्याची खडबडीत. बराच वेळ ते दोन्ही आलटून पालटून बघत बसले होते.